सामानाच्या बोटीतले धकाते सर

धकाते सरांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी नागपुरात हुडकेश्वरच्या रस्त्यानं जाताना माझी नजर अजून त्यांच्या गच्चीकडे जाते. तिथे कोणी खराटा घेऊन बसलेलं नाही ना, हे पाहायला. हे वाचून कुणालाही माझ्या डोक्याबद्दल शंका येईल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी गणित शिकवायची, ते पी.टी. शिकवायचे. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताच्या बाईंना मिळतो, हा सगळ्या शाळांमधला अलिखित कायदा आहे. मी नवीन असताना त्याच भरवशावर त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "सर, आजचा तास मला द्याल का? माझा पोर्शन राहिलाय." ते बुटके, रुंद खांद्यांचे, मान जवळजवळ नसलेले गृहस्थ. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी त्यांनी वाजवलेली मी कधी ऐकली नाही, कारण आवाज असताना तिची गरज पडत नसे. ते म्हणाले, "मॅडम, माझा पण राहिला आहे. ह्या पोराईले अजून नीट श्वास घेता येऊन नाही राहिला. तुमचा पोर्शन श्वास घेतल्याशिवाय होते का?" आणि पोरांना घेऊन मैदानावर गेले. सबंध नोकरीत त्यांनी मला एकही तास दिला नाही. मला त्यांचा भयंकर राग यायचा. त्या रागातूनच आमची ओळख झाली.

घर विणकरांचं. वडिलांचा हातमाग होता. सरांच्या लहानपणीच तो बंद झाला आणि भाऊ वेगवेगळ्या धंद्यांना लागले. याबद्दल कुणी हळहळ व्यक्त केली की सरांना आवडत नसे. "माग गेला तं गेला. बापाचे खांदे मले भेटले ना!" असं म्हणून ते स्वतःच्या खांद्यावर थाप मारायचे. ते खांदे नंतर आम्ही सगळ्यांनीच वापरले. कधी धरायला, कधी रडायला, आणि मुख्यतः नदीतून वर येण्यासाठी.

शिक्षकांच्या कुठल्याशा साहसी शिबिरासाठी तरुणपणी ते उत्तरेतल्या डोंगरात गेले होते. तिथे त्यांना रबराच्या बोटीत बसवून नदीत सोडलं. बाकीचे शिक्षक नागपूरला परतले आणि विसरले. सरांना मात्र ते जे चढलं ते उतरलंच नाही. पुढे ते पुन्हा पुन्हा जाऊन रीतसर शिकून आले आणि मग दरवर्षी दिवाळी झाली की नागपूरकरांची एक तुकडी घेऊन काली नदीवर जायला लागले. कुमाऊंच्या डोंगरातून येणारी ही नदी. एका काठाला आपण, दुसऱ्या काठाला नेपाळ. पंचेश्वरला बोटीत बसायचं, डोंगरांच्या मधून वाहत यायचं, संध्याकाळी वाळूवर तंबू ठोकायचे, सकाळी पुन्हा पाण्यात, आणि काही दिवसांनी टनकपूरच्या सपाटीवर बाहेर पडायचं. ज्या शहराची नदी नाकाला रुमाल लावून ओलांडावी लागते, त्या शहरातल्या चांगल्या पोक्त माणसांना त्यांनी हे करायला लावलं. मला पोहता येत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मस्त. पोहणारे लोक जास्ती शहाणपणा करतात."

बोटी दोन असायच्या. एक माणसांची. तिच्यात दोन्ही कडांवर आम्ही बसायचो, प्रत्येकाच्या हातात एक छोटं वल्हं, आणि मागे सर. ते हुकूम द्यायचे, आम्ही वल्ही मारायचो. दुसरी सामानाची. तंबू, पातेली, तांदूळ, कांदे, आमच्या बॅगा असं सगळं दोरीनं आवळून बांधलेलं, आणि मधोमध बसून दोन लांब वल्ह्यांनी ती एकटीनं ओढणारी सरांची मुलगी राजश्री. तिला सगळे राजी म्हणायचे. शिवाय तिथलाच गोपालसिंग नावाचा पहाडी माणूस. तो चिंचोळ्या कयाकमधून, म्हणजे एकट्याच्या होडीतून, पुढे पुढे जाऊन पाणी बघायचा आणि संध्याकाळी स्वयंपाक करायचा.

तर गच्ची. निघायच्या आधी महिनाभर सर आमची तालीम तिथे घ्यायचे. शाळेतून टाकून दिलेली दोन लांब बाकं समोरासमोर न ठेवता शेजारी शेजारी ठेवलेली, त्यांच्यावर आम्ही एकामागे एक बसलेले, आणि हातात वल्ह्याऐवजी खराटे. सर मागे उभे राहून टाच आपटायचे. खट्ट, खट्ट. वडिलांच्या मागाचा तो ठेका होता, असं त्यांनीच सांगितलं होतं. त्या ठेक्यावर सगळ्यांचे खराटे एकदम पुढे जाऊन एकदम मागे आले पाहिजेत. नोकरीतून निवृत्त झालेली, नातवंडं असलेली माणसं भर उन्हात हवा झाडत बसायची. शेजारच्या बाईंनी एकदा खालून विचारलं होतं, "सर, एवढे लोक रोज झाडून राहिले, तुमच्या गच्चीवर कचरा तरी किती आहे जी?"

सरांच्या तोंडी दोनच वाक्यं कायम असायची. पहिलं, "वल्हं मारा, मत नको." नागपूरकराला मत नसतं असं कधी होत नाही. खळाळत्या पाण्यात बोट आडवी झाली, समोर दगड दिसतोय, तरी कुणीतरी "सर, मले वाटते आपण डावीकडून..." असं सुरू करायचाच. तेवढ्यात मागून आवाज यायचा. दुसरं वाक्य भ्यालेल्यांसाठी होतं. "भेव वाटून राहिलं का? वाटू द्या. पण हात काहून थांबले?" भीती जाईल, घाबरू नका, मी आहे ना, असलं ते कधी बोलले नाहीत. भीतीला त्यांची हरकत नव्हती. रिकाम्या हातांना होती.

नदीतल्या रॅपिडांना, म्हणजे दगडांवरून उसळत उतरणाऱ्या पाण्याला, तिथली आपली नावं आहेत. सरांनी ती बाजूला ठेवून नागपूरचे चौक लावले होते. एका अरुंद जागी पाणी चारही बाजूंनी येऊन एकमेकांवर आदळायचं, ती इतवारी. एक लांब सरळ उतार होता, तो बर्डीचा. आणि तिसऱ्या दिवशी येणारा सगळ्यात मोठा, तो मेडिकल चौक, म्हणजे सरकारी इस्पितळाचा. "इथं चुकलं की सरळ भरती," असं ते हसत सांगायचे. याचा फायदा असा झाला की आम्हाला नदी पाठ झाली. समोर फेसाळणारं पाणी पाहून भीती वाटायचीच, पण आपण इतवारीत शिरतोय म्हटलं की थोडं घरच्यासारखं वाटायचं.

मेश्राम साहेब याच इतवारीत पडले. वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, अंगानं भरलेले, बोलण्यात करारी. बोट उजवीकडे कलली आणि साहेब ज्या डौलानं खुर्चीतून उठायचे त्याच डौलानं पाण्यात गेले. मेश्राम वहिनींनी जी किंकाळी फोडली ती नेपाळात नक्की ऐकू गेली असणार. सरांनी एका हातानं साहेबांच्या लाइफ जाकिटाचे खांद्यावरचे पट्टे पकडले, दुसऱ्यानंही पकडले आणि स्वतः मागच्या मागे बोटीत आडवे झाले. साहेब सरळ त्यांच्या छातीवर येऊन पडले. दोघंही भिजून चिंब, एकमेकांवर पडलेले, आणि सरांनी खालून पहिला प्रश्न विचारला, "साहेब, वल्हं कुठं आहे?" ते साहेबांच्या हातात होतं. पाण्यातसुद्धा त्यांनी ते सोडलं नव्हतं. त्या दिवसापासून सर त्यांना आपला सगळ्यात चांगला वल्हेकरी म्हणायला लागले आणि साहेब त्यांचे इतके भक्त झाले, की नागपुरात त्यांच्यासमोर कुणी सरांबद्दल वावगं बोलायची सोय उरली नाही.

संध्याकाळचे सर निराळेच असायचे. तंबू ठोकून झाले की ते गोपालसिंगला स्वयंपाकातून उठवायचे. भिवापूरची मिरची, जवस, खसखस, खोबरं असा घरी भाजून कुटलेला मसाला डब्यातून निघायचा आणि वाळूवर पाटवडीचा रस्सा शिजायचा. त्याचा वास नदी ओलांडून जायचा. पहिल्या वर्षी गोपालसिंगनं आपल्या हौसेनं वाटीभर प्यायला. मग तो उठला, नदीपर्यंत गेला, पाण्यात तोंड घातलं आणि परत येऊन डोळे पुसत म्हणाला, "गुरुजी, ये खाना है या सजा?" सर मनापासून खूश झाले. "अजून घे, अजून घे," करत त्याच्या वाटीत वाढायला लागले. पुढच्या वर्षी त्यानं स्वतःच विचारलं, मसाला आणला का म्हणून. जेवताना सर सगळ्यात शेवटी बसायचे, आणि जेवण झाल्यावर पातेली मात्र कुणालाही घासू द्यायचे नाहीत. वाळूनं घासून लखलखीत करायचे. बायकांनी मदतीला हात पुढे केला की म्हणायचे, "घरी घासता ना? मंग इथं डोंगर पाहा."

आणि राजी. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. बापाचे खांदे तिला मिळाले, आवाज मात्र तिनं घेतला नाही. ती कमी बोलायची आणि हळू बोलायची. या नदीवर ती लहानाची मोठी झाली. पुढे डोंगरात राहून शिकली, कालीपेक्षा कितीतरी अवघड नद्यांवर तिनं हंगामच्या हंगाम काढले. सर स्वतः सांगायचे, "पाण्यातलं मले कळते त्याच्यापेक्षा तिले जास्ती कळते. मी गच्चीवरचा माणूस, ती नदीवरची." आम्ही माना डोलवायचो. पण माना डोलवणं वेगळं आणि तिच्या भरवशावर मेडिकल चौकात शिरणं वेगळं.

सत्तरी गाठली त्या वर्षी सरांनी तालमीच्या पहिल्याच दिवशी गच्चीवर जाहीर केलं, "यंदा माणसाईची बोट राजी नेईल. मी सामान ओढीन." खराटे थांबले.  नागपूरकर गप्प बसले म्हणजे काय समजायचं ते मी समजले.

खाली उतरताना जिन्यात सर मला म्हणाले, "मॅडम, तिनं तिकडली डोंगरातली नोकरी सोडली आहे. पुढं हेच कराचं म्हणते, नागपुरातून लोक नेऊन. यंदा हे घरचे लोक तिच्या बोटीत नाही बसले, तं बाहेरचं कोणी काहून बसन? पुढच्या साली तिच्यामागं एक माणूस येणार नाही." मी म्हटलं, बसतील हो. त्यांनी दोन पायऱ्या खाली जाऊन मागे वळून पाहिलं. "बसतील ना?" इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. 

पंचेश्वरला बोटी फुगवून झाल्या. सकाळचं कोवळं ऊन, हिरवं स्वच्छ पाणी, दोन नद्या एकमेकींत मिसळताहेत. राजी मागे बसून म्हणाली, "चला, या." मेश्राम साहेब दोन पावलं पुढे आले, थांबले आणि कमरेला हात लावून म्हणाले, "माझी कंबर जरा दुखून राहिली. मी तिकडं बॅगांना टेकून बसतो." आणि जाऊन सामानाच्या बोटीत बसले. साहेब तिकडे म्हणून मेश्राम वहिनी तिकडे. काटोलचे रेवतकर काका, ज्यांची संत्र्याची बाग होती आणि जे दरवर्षी आमच्यासाठी एक पोतं संत्री आणायचे, ते म्हणाले, "संत्र्याजवळ कोणीतरी पाह्यजेच ना गा. दबली तं?" तेही गेले. राजीच्या बोटीत उरलो मी आणि बँकेत नोकरी करणाऱ्या दोघी मैत्रिणी. त्या दोघी पहिल्यांदाच आल्या होत्या. सरांच्या बोटीची सवय त्यांना लागलेलीच नव्हती.

सर सामानाच्या बोटीत दोन वल्ही धरून बसले होते आणि त्यांच्याभोवती पातेल्यांच्या आणि तंबूंच्या मधून माणसं डोकावत होती.

"हे सामान आहे का?" त्यांनी विचारलं.

"हव जी," साहेब म्हणाले. "आम्हाले सामानच समजा. बांधा पाह्यजे तं दोरीनं."

सगळे हसले. सरही हसले, पण राजीकडे न पाहता हसले. रागवायचं कुणावर? ही माणसं प्रेमानंच तिथे चढली होती. आणि त्या प्रेमामुळेच एका मुलीचं पुढचं सगळं आयुष्य रिकाम्या बोटीत बसलं होतं.

 आम्हा तिघींच्या जागा राजीनं बदलल्या, मला पुढे घेतलं आणि बोट पाण्यात लोटली. ती वल्हवायची कशी ते काय सांगू! सर नदीशी भांडत भांडत जायचे. ओरडायचे, पुढं, मागं, जोर, अजून जोर. राजी एकदा हळूच "पुढं" म्हणायची आणि बोट दोन दगडांमधून कपड्यातून सुई जावी तशी जायची. इतवारीतून आम्ही केस कोरडे ठेवून बाहेर आलो. मागे वळून पाहिलं तर सामानाची बोट माणसांच्या वजनानं खाली बसलेली, सर घामाघूम, आणि रेवतकर काका त्यांना मत देत होते.

संध्याकाळी वाळूवर सर राजीला म्हणाले, "उद्या मी त्याईले उतरवतो. एकेकाचा हात धरून तुझ्या बोटीत बसवतो." मी जवळच तंबूची दोरी ओढत होते. राजी म्हणाली, "नको बाबा. हाकलून आणलेले लोक वल्हं मारत नाही."  सर उठून पातेली घासायला गेले. त्या दिवशी ती त्यांनी जरा जास्तच घासली.

दुसऱ्या दिवशीही सामान तेवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेडिकल चौक आला. आवाज लांबूनच येत होता. राजीनं दोन्ही बोटी काठाला लावायला सांगितल्या आणि ती एकटी दगडांवर चढून पाणी बघायला गेली. सरही दरवर्षी असंच करायचे. वर उभं राहून बघायचे, खाली येऊन हात चोळायचे आणि म्हणायचे, "चला, भरती होऊ." आजवर एकाही वर्षी त्यांनी हा रॅपिड टाळला नव्हता. ती त्यांची ऐट होती आणि आमचीही. नागपूरला आल्यावर सगळ्यात जास्त वेळा सांगितली जाणारी गोष्ट हीच असायची.

राजी बराच वेळ उभी होती. यंदा वरच्या अंगाला उशिरापर्यंत पाऊस झाला होता, पाणी नेहमीपेक्षा चढलेलं होतं. खाली येऊन ती म्हणाली, "इथून जायचं नाही. सामान उतरवा. आपण काठानं चालत जाऊ, बोटी दोरीनं सोडू."

एकदम कालवा झाला. रेवतकर काका म्हणाले, "अवं पण दरवर्षी जातो ना आपण!" मेश्राम साहेब म्हणाले, "मी नागपुरात काय सांगू, मेडिकल चौकातून पायी गेलो म्हणून?" बँकेतल्या मैत्रिणींचेही चेहरे उतरले होते. राजीनं पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. मधल्या दगडाच्या डाव्या अंगाचं पाणी आपल्याला पसंत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. मग जे होणार होतं ते झालं. साहेब वळले आणि म्हणाले, "सर, तुम्ही सांगा."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. राजीनंही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर विनंती नव्हती, हे मला अजून आठवतं. ती वाट पाहत होती.

सर दगडावर चढले नाहीत. पाण्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी वाकून सामानाच्या बोटीवरची दोरी सोडली, सगळ्यात मोठं पातेलं काढलं, डोक्यावर पालथं घातलं आणि म्हणाले, "मले काहून विचारता? बोट तिची आहे." आणि काठाच्या दगडधोंड्यांतून चालायला लागले.

मग कोण काय बोलणार? एकेकानं एकेक वस्तू उचलली. साहेबांनी तंबू घेतले. रेवतकर काकांनी संत्र्याचं पोतं. माझ्याकडे कांद्यांची पिशवी आली. वाट अशी नव्हतीच. दगडांवर पाय घसरत होते. राजी आणि गोपालसिंग दोरीला धरून रिकाम्या बोटी पाण्यातून सोडत होते. मी सरांना गाठलं. राहवलं नाही म्हणून विचारलंच, "सर, खरं सांगा. जमलं असतं का?"

"जमलं असतं," ते पातेल्याखालून म्हणाले. "मी नेली असती."

"मग?"

ते थांबले. पातेलं काढून त्यांनी हातात घेतलं. घाम निथळत होता. तोंड कडू काही खाल्ल्यासारखं झालं होतं. "मॅडम, पोटात तुटून राहिलं. खोटं काहून सांगू? एवढे साल मी ह्या पाण्याले पाठ नाही दाखवली. पण माझं बरोबर असलं तरी आज तिचंच चालन. नाही तं मेल्यावरबी मीच बोट चालवत बसीन." एवढं बोलून त्यांनी पातेलं पुन्हा डोक्यावर घातलं.

राजीचं बरोबर होतं की सरांचं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पाणी आमच्या बाजूनं गर्जत गेलं, आम्ही कडेनं चालत गेलो. त्याहून जास्त काही घडलं नाही. खालच्या वाळूवर पोचलो तेव्हा सगळे दमले होते. सरांनी आणि गोपालसिंगनं मिळून सामान पुन्हा बांधलं. राजीनं तिची बोट पाण्यात ओढली आणि आमच्याकडे न पाहता मागच्या जागेवर जाऊन बसली. या वेळी तिनं "या" असंही म्हटलं नाही.

मेश्राम साहेब वाळूवर उभे होते. सामानाच्या बोटीकडे दोन पावलं गेले. मग थांबले, वळले आणि सरळ राजीच्या बोटीत जाऊन बसले. वहिनींनी विचारलं, "अहो, तुमची कंबर?"

"कंबर गेली चुलीत," साहेब म्हणाले. "जिनं आज अशा बापाले नाही म्हटलं, ती नदीले काय भिणार? इथंच बसतो मी. ये तू पण."

वहिनी आल्या. रेवतकर काकांनी संत्र्याच्या पोत्याकडे एकदा पाहिलं, "राहू दे, दबली तं दबली," म्हणाले आणि तेही आले. आम्ही तिघी होतोच. बोट भरली. राजीनं कुणाला कुठे बसायचं ते सांगितलं, साहेबांना डावीकडे मध्ये, काकांना उजवीकडे. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त वल्हं धरलेली बोटं पांढरी पडली होती. मी पुढे होते, वळून पाहिलं तेव्हा ती मला दिसली.

पुढे टनकपूरपर्यंत पाणी पसरट होत जातं. डोंगर दोन्हीकडे मागे सरकतात. साहेबांनी आणि काकांनी इतकी जीव तोडून वल्ही मारली की राजीला दोनदा "हळू" म्हणावं लागलं. मी मागे वळून पाहिलं. सामानाची बोट बऱ्याच अंतरावर होती. सर तिच्यात एकटेच होते. दोन्ही वल्ही त्यांनी आत ओढून घेतली होती, तंबूंच्या गाठोड्याला पाठ टेकवली होती आणि पाय लांब करून मोठ्या पातेल्यावर ठेवले होते. नदी नेईल तशी बोट हळूहळू फिरत होती. ओरडायला समोर एकही माणूस नव्हता. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मला रडू यायला लागलं. त्यानंतर ते नदीवर आले नाहीत. नागपुरात पुष्कळदा भेटले, पण सर म्हटलं की मला ते तिथेच दिसतात.

त्यांनी माझ्याकडे पाहून हात वर केला. निरोपाचा नव्हे, पुढे व्हा असं सांगणारा.

"मॅडम," राजी मागून म्हणाली, "समोर पाहा. पाणी येऊन राहिलं."

मी समोर पाहिलं आणि वल्हं पाण्यात घातलं.